रेकॉर्डची दुसरी बाजू

रेकॉर्डला दोन बाजू असतात, हे हल्ली लोकांना समजावून सांगावं लागतं. माझ्या मेहुण्याला तर मी ती प्रत्यक्ष उलटी करून दाखवली तेव्हा पटलं. तो म्हणाला, "म्हणजे मध्येच उठून ही पालथी करायची? भावजी, हे म्हणजे काम झालं." मी म्हटलं, "गाणं ऐकणं हे कामच आहे." त्यावर त्याने बहिणीकडे, म्हणजे आमच्या हिच्याकडे, पाहिलं आणि हिने छताकडे. आमच्या घरात माझ्याबद्दलची बरीचशी चर्चा अशी न बोलताच होते.

पण ही रेकॉर्ड साधी नव्हती. एका मैफिलीची होती, आणि त्या मैफिलीला मी हजर होतो. म्हणजे अर्ध्या मैफिलीला. कॉलेजात असताना मामाला कुठून तरी दोन पास मिळाले होते आणि मामी यायला तयार नव्हती, म्हणून माझी वर्णी लागली. गाणाऱ्या बाईंना सगळे नुसतं बाईच म्हणत, मीही म्हणतो. मध्यंतरापर्यंत बाई अशा काही गायल्या की मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. मध्यंतर झालं आणि मामा उठला. म्हणाला, "आत्ताच निघू. नंतर स्टँडवर गर्दी होते, स्कूटर निघत नाही." मी विनवण्या केल्या, पण ज्याची स्कूटर त्याचं घड्याळ. स्कूटर लगेच निघाली, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

पुढे बाईंवर एक जाडजूड पुस्तक आलं. ते मी घेतलं आणि घरी येईपर्यंत धीर न निघून जिन्यातच उघडलं. लेखकाने बाईंना कुठला साबण लागायचा, कुठल्या शिष्येशी का बिनसलं, त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात कोण रुसलं, हे सगळं तपशीलवार दिलं होतं. त्या मैफिलीबद्दल मात्र एवढंच: "मध्यंतरानंतर जे घडलं ते लिहून सांगता येणार नाही." मग पुस्तक कशाला लिहिलं गृहस्था? साबणाबद्दल लिहिता येतं आणि हे येत नाही? ते पान मी इतक्या वेळा काढलंय की आता पुस्तक कुठूनही उघडलं तरी तिथेच उघडतं. इतकी वर्षं माझ्या आयुष्यात त्या मध्यंतरानंतरची जागा रिकामी होती. लोकांच्या असतात तशा मोठ्या इच्छा मला कधीच नव्हत्या. मला फक्त मध्यंतरानंतरचं ऐकायचं होतं.

आणि एके दिवशी जुन्या फर्निचरच्या दुकानात एका तीन पायांच्या टेबलाच्या चौथ्या पायाच्या जागी रचलेल्या रेकॉर्डच्या गठ्ठ्यात मला बाई दिसल्या. वेष्टनावर सभागृहाचं नाव, तोच हंगाम, तीच मैफल. पहिल्या बाजूला मध्यंतराआधीचं, दुसऱ्या बाजूला नंतरचं. दुकानदार म्हणाला, "ती काढली तर टेबल पडेल." शेवटी मी टेबलही घेतलं. ते अजून घरात आहे आणि त्याबद्दल हिचं काय मत आहे हे मी इथे देत नाही.

माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली काढला तर त्याचा पट्टा वितळून काळा डिंक झालेला. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करतो. त्याने प्लेअरकडे पाहिलं आणि विचारलं, "यात वाटण करायचं भांडं कुठाय?" तिथेच मी परत फिरायला हवं होतं. त्याने बसवलेला पहिला पट्टा इतका आवळ होता की बाई भरधाव गायला लागल्या, जणू त्यांनाही स्कूटर काढायची होती. दुसरा पट्टा इतका सैल की बाईंच्या जागी सर्दी झालेले बुवा आले. दुरुस्तीवाला खूश. "आता आवाज भारदस्त लागतो," म्हणाला. तिसऱ्या खेपेला बाई बाईंसारख्या लागल्या, त्यात त्याचा हात किती आणि माझं नशीब किती हे सांगता येत नाही.

आता खरं तर कहाणी संपायला हरकत नव्हती. रेकॉर्ड आहे, यंत्र आहे, रविवार आहे. पण आमच्या घराचा एक नियम आहे. पहिली बाजू संपली की बेल वाजते. एकदा मीटर बघणारा आला. एकदा समोरच्या वहिनी शिडी मागायला आल्या, आणि शिडी कशाला हवी ते सांगत चहा होईपर्यंत बसल्या. एकदा मेहुणा आला, आणि तो आला की त्या दिवसाचं काय होतं हे मी सांगायला नको. एकदा कोणीच आलं नाही तर वीज गेली. दर वेळी मी रेकॉर्ड उचलून हातात उलटी धरलेली असायची आणि तशीच पुन्हा वेष्टनात ठेवायचो.

ही म्हणाली, "अहो, मग थेट दुसरी बाजूच लावा की."

हे वाक्य मी त्यानंतर मेहुण्याकडून, समोरच्या वहिनींकडून आणि मीटरवाल्याकडूनही ऐकलं. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं. मध्यंतरानंतरचं ऐकायचं तर आधी मध्यंतर व्हावं लागतं, आणि मध्यंतर व्हायचं तर आधी काहीतरी झालेलं असावं लागतं. बाईंनी पहिला भाग काय उगाच गायला होता का? माणसाला काही तत्त्वं असावीत. माझ्याकडे फार नाहीत, हे एक आहे, आणि ते मी मीटरवाल्याच्या सांगण्यावरून सोडणार नव्हतो. ही म्हणाली, "बरं." तिच्या त्या "बरं"मध्ये एक अख्खा संसार आहे.

मेहुण्याने सल्ला दिला की हे सगळं फोनवर मिळतं. मी त्याला फोनवर बाईंची ती मैफल शोधून दाखवायला सांगितलं. त्याने बराच वेळ शोधलं आणि त्याला बाईंच्या नावाचं एक ब्युटी पार्लर सापडलं. समोरच्या वहिनींचं म्हणणं, रेकॉर्ड ऐकताना पाणी भरून ठेवावं, मन शांत राहतं. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण त्यांच्या भावजयीला फरक पडला होता. मी पाणीही भरून ठेवलं. त्यात मीटरवाल्याची पिशवी पडली.

शेवटी मी ठरवलं की कामाच्या दिवशी, भर दुपारी, बिल्डिंग रिकामी असताना ऐकायचं. त्यासाठी रजा हवी. रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं, म्हणून मी खरं कारण लिहिलं: 'रेकॉर्डची दुसरी बाजू ऐकणे.' साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब वाईट नाहीत, फक्त घाबरट आहेत.

"हे कारण वर कसं पाठवू?" ते म्हणाले. "आजारी पडा ना. सगळे पडतात."

"मी ठणठणीत आहे, साहेब."

"मग 'घरगुती कारण' लिहा."

"हे घरगुती नाही. घरातल्या कुणालाही ते नकोय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमचे एखादे दूरचे काका वगैरे?"

एका गाण्यासाठी मी जिवंत काका मारायला तयार नव्हतो, तोही मामाच्या चुकीपायी. मी अर्ज मागे घेतला नाही आणि साहेबांनी तो वर पाठवला नाही. तो अजून त्यांच्या टेबलावर काचेखाली आहे आणि ऑफिसातले लोक पाहुण्यांना तो दाखवतात. दाखवोत. त्यातलं एक अक्षरही खोटं नाही.

म्हणजे पुन्हा रविवारच उरला, आणि रविवार म्हणजे तराजूकाका. आमच्या खाली राहणारे हे गृहस्थ वजनमापं खात्यातून निवृत्त झालेत. नोकरीभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, आता बिल्डिंग तपासतात. तराजूकाका हे नाव त्यांच्या माघारी वापरायचं. माझी रेकॉर्ड सुरू झाली की ते फरशी पुसायच्या दांड्याने त्यांच्या छताला, म्हणजे माझ्या जमिनीला, ठोके द्यायचे. ठोक्यांबद्दल माझी तक्रार नव्हती, ते तालात नसायचे हे माझं खरं दुःख. बाई समेवर येतायत आणि हे भलतीकडेच. मी आवाज थोडा वाढवायचो, ते ठोका वाढवायचे. सुईने उडी मारू नये म्हणून मी प्लेअरखाली उशी ठेवली. हिची उशी ठेवली, हे मला नंतर समजलं.

अशाच एका रविवारी पहिली बाजू संपली आणि बेल वाजली. दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते खालच्या मजल्यावरून आले होते, पण त्याचा अर्थ लावायचं मला सुचलं नाही. माझ्या हातात रेकॉर्ड होती. सेक्रेटरी तिच्याकडे पाहत म्हणाले, "हे बघा, मी आत्तापर्यंत एकच बाजू ऐकलीय."

मी म्हटलं, "मीसुद्धा."

"एकाच बाजूवर मत बनवणं मला पटत नाही. दुसरी बाजू ऐकलीच पाहिजे."

माझा कानांवर विश्वास बसेना. साहेब, मेहुणा, वहिनी, कुणाला जे कळलं नव्हतं ते या माणसाला दारात उभ्या उभ्या कळलं होतं. मी म्हटलं, "आत या, आत्ता ऐकू."

"छे, मी एकट्याने ऐकून काय उपयोग? सगळ्या कमिटीने ऐकली पाहिजे. पुढच्या रविवारी सकाळी हॉलमध्ये ठेवू. तुमच्याकडे जे काही असेल ते घेऊन या. तयारीनं या."

ते गेल्यावर मी बराच वेळ दाराशीच उभा होतो. ही म्हणाली, "ते रेकॉर्डबद्दलच बोलत होते ना?" मी म्हटलं, "मग काय माझ्याबद्दल बोलत होते?" त्या आठवड्यात तिने माझा चांगला शर्ट इस्त्री करून ठेवला आणि प्लेअरवरची धूळही पुसली, यावरून तिलाही काहीतरी वेगळं वाटलं असणार.

तत्त्वाचा प्रश्न होताच. मी तो असा सोडवला: रविवारी सकाळी घरी, अगदी हळू आवाजात, मी पहिली बाजू ऐकली. मग जिना उतरलो. जिना हेच मध्यंतर. पुढे मी, छातीशी प्लेअर धरून. मागे ही, दोन्ही हातांत एकेक स्पीकर आणि काखेत ते पुस्तक. रेकॉर्ड मी काखेत धरली होती. दुसऱ्या मजल्यावर मेहुणा वर येताना भेटला. त्याच्याकडे हिने एक स्पीकर दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

हॉलमध्ये लांब टेबलामागे कमिटी बसली होती. मध्ये अध्यक्ष, ते दातांचे डॉक्टर आहेत. शेजारी सेक्रेटरी. समोर खुर्च्यांच्या रांगा आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, तराजूकाका. त्यांनाही गाण्याची आवड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहून आदराने मान लववली. त्यांनी मान वळवली.

मी टेबलावर प्लेअर ठेवला. हॉलमधल्या एकमेव प्लगचं बटण पंखा बंद केल्याशिवाय चालत नाही, म्हणून मेहुण्याने पंखा बंद केला. सगळ्यांनी वर पाहिलं.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"दुसरी बाजू."

"कसली?"

"रेकॉर्डची. आपण ऐकायची म्हणालात ना?"

आधी सेक्रेटरींचा चेहरा पडला, मग त्यांच्या शेजारचा गृहस्थ हसला, मग सगळेच हसले. अध्यक्षांनी हसू आवरत मला समजावून सांगितलं, लहान मुलाला दात काढताना सांगतात त्या आवाजात. तराजूकाकांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली होती. कमिटीने त्यांची बाजू ऐकली होती. आता माझी बाजू ऐकायची होती. माझं म्हणणं. तोंडाने.

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी प्लेअरसकट आत गेलो असतो. मागे वळून हिच्याकडे बघायचा धीर होईना.

"आता विषय वाढवू नका," अध्यक्ष म्हणाले. "झालं ते झालं. यांची माफी मागा. रविवारी हे यंत्र लावणार नाही असं सांगा. तसा ठराव करू, म्हणजे पुन्हा प्रश्न नको."

रविवारी लावणार नाही म्हणजे कधीच लावणार नाही. सोमवार ते शनिवार मी ऑफिसात, आणि काका मारायला मी नकार दिलेला. मला बाईंचं मध्यंतरानंतरचं या जन्मात मिळणार नव्हतं. मी प्लेअरकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, आणि एकदम माझ्या लक्षात आलं की हे सगळे पुन्हा स्कूटर काढायला निघाले होते. आणि मला राग आला. एवढा राग मला मामाचाही आला नव्हता.

"माफी मागणार नाही," मी म्हटलं. "ठरावही मान्य नाही. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय करणार नाही, असं सेक्रेटरी म्हणालेत. माझी बाजू हीच आहे. दुसरी मला नाही. ऐका आणि मग काय तो ठराव करा."

"अहो, पण—"

"लावा हो तुम्ही," मागून हिचा आवाज आला. "मी बटण चालू केलंय."

मी सुई टेकवली.

आधी नुसती खरखर आली. मग कुठेतरी खुर्च्या सरकल्याचे आवाज, खोकले, आणि मग बाई बोलल्या. गायल्या नाहीत, बोलल्या. "बाहेरची मंडळी आली का आत? नाही आली? बरं. मग दार लावून घ्या. ज्यांना जायचं होतं ते गेले. आता मध्येच कुणी उठायचं नाही, मला राग येतो."

अध्यक्ष अर्धे उठले होते, ते खाली बसले. मागे कुणीतरी हॉलचं दार लावून घेतलं.

आणि मी बोललो. मोठ्याने, सगळ्यांसमोर, एका यंत्राशी बोललो. "मला जायचं नव्हतं, बाई." या वेळी कुणी हसलं नाही.

मग बाई गायला लागल्या. खालच्या सुरात, सावकाश, वर जायची काही घाई नसल्यासारख्या. कमिटीतल्या एकाने कागद चाळायला घेतले आणि मग ठेवून दिले. मेहुणा स्पीकरवर हात ठेवून उभा होता, हात काढायचं विसरून. गाणं चढत गेलं, एका ओळीवर आलं, बाईंनी ती ओळ उचलली आणि मध्येच थांबल्या. शब्द विसरल्या होत्या. रेकॉर्डवर पहिल्या रांगेतून कुणीतरी तो हळूच सुचवायला गेलं. बाई म्हणाल्या, "सांगू नका. मला आठवू द्या."

आणि मग काहीच नाही. सुईची खरखर, आणि काहीच नाही. तो सगळा तुडुंब हॉल थांबलेला ऐकू येत होता. इकडे आमचाही थांबला. अध्यक्षांचा फोन थरथरायला लागला, त्यांनी तो न बघता बंद केला. लेखकाला काय लिहिता आलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं आणि मी त्याला सगळं माफ केलं, साबणासकट. मग बाईंना शब्द सापडला. तो त्यांनी घेतला तेव्हा तिकडची माणसं ओरडली, आणि आमच्या हॉलमध्ये समोरच्या वहिनी, ज्या फक्त गंमत बघायला आल्या होत्या, पदराने डोळे पुसायला लागल्या.

शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. बेलही वाजली नाही, कारण हॉलला बेल नाही. रेकॉर्डवर टाळ्या वाजल्या, सुई मधल्या रिकाम्या जागेत फिरत राहिली, आणि मी ती उचलली. माझी मान ताठ होती. मी अध्यक्षांना म्हटलं, "झालं. करा ठराव."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "तक्रारदारांचं काय म्हणणं आहे? तक्रार मागे घेताय का?"

तराजूकाका मागच्या रांगेत उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा होता तसाच होता, खात्यात असताना असायचा तसा.

"मुळीच नाही," ते म्हणाले. "तक्रार कायम आहे. आणखी एक आहे."

सेक्रेटरींनी पेन उचललं. "बोला."

"मागच्या रांगेत आवाज कमी येत होता."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, आणि चाचरत विचारलं, "हे... हे मी लिहू?"

"लिहा," तराजूकाका म्हणाले. "सही करतो मी."